बारावीनंतर आधी सैन्य, मग कॉलेज : हा निर्णय आई-वडिलांना कसा सांगावा

बारावीच्या वर्षात असलेल्या अनेक मुलांचा पहाटे धावण्याचा सराव कधीच सुरू झालेला असतो, मित्रांना सगळे ठाऊक असते, भरतीची जाहिरात कधी येणार याची चौकशीही झालेली असते. घरात मात्र हा विषय निघालेला नसतो. आई-वडील अकरावी-बारावीच्या शिकवणीची फी भरताना पुढच्या पदवीचा हिशोब मांडत असतात आणि मुलाच्या मनात आधी चार वर्षे अग्निवीर म्हणून सेवा करायची, शिक्षण त्यानंतर पूर्ण करायचे, असे ठरलेले असते. हा लेख अशा मुला-मुलींसाठी आहे. सैन्यात जावे की जाऊ नये, हा निर्णय तुम्ही विचारपूर्वक घेतला आहे असे धरून, तो घरी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तयारीने मांडावा, एवढेच येथे सांगितले आहे.

पहिली पायरी : वेळ ठरवणे

अलीकडच्या वर्षांत लष्कराच्या अग्निवीर भरतीचे ऑनलाइन अर्ज फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मागवले गेले आहेत. 2024 मध्ये ही नोंदणी फेब्रुवारीच्या मध्यात सुरू झाली, 2025 मध्ये मार्चमध्ये. महाराष्ट्र बोर्डाची बारावीची परीक्षाही नेमकी याच दिवसांत असते. त्यामुळे जाहिरात आल्यावर घरी सांगू असे ठरवलेत, तर प्रॅक्टिकल, लेखी परीक्षा आणि घरातील वाद हे तिन्ही एकाच महिन्यात येतील, आणि परीक्षेच्या तोंडावर हे काय खूळ काढलेस, या एका वाक्यावर विषय मिटेल.

म्हणून बारावीच्या वर्षातील दिवाळीची सुट्टी ही मला सर्वांत योग्य वेळ वाटते. सहामाही परीक्षा संपलेली असते, बोर्डाला तीन-साडेतीन महिने असतात, घरातील माणसे एकत्र असतात आणि आई-वडिलांना विचार करायला, चौकशी करायला, गावातील एखाद्या माजी सैनिकाला विचारून यायला पुरेसा अवधी मिळतो. मात्र भाऊबीजेच्या जेवणावर, आत्या आणि मामा समोर बसलेले असताना हा विषय काढू नये. पाहुण्यांसमोर सांगितल्यास वडिलांना लगेच काहीतरी भूमिका घ्यावी लागते, आणि चार माणसांत एकदा ‘नाही’ म्हटल्यावर ते मागे घेणे त्यांना जड जाते.

दुसरी पायरी : आपण पात्र आहोत का, हे आधी पाहणे

जे होणारच नाही त्यासाठी घरात वादळ उठवण्यात अर्थ नाही. अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात किमान 33 टक्के गुण लागतात. टेक्निकलसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी घेऊन एकूण 50 टक्के व प्रत्येक विषयात 40 टक्के गुण लागतात. किमान वय साडेसतरा वर्षे असून कमाल वयाची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी. डोळे, रंग ओळखण्याची क्षमता, सपाट तळवे, जुळणारे गुडघे, कानाचे दुखणे यांसाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे. अंगावर टॅटू काढण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

तिसरी पायरी : योजनेची पूर्ण माहिती, अडचणीच्या बाजूसकट

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण घरातील बहुतेक भांडणे अर्धवट माहितीवर होतात. वडिलांच्या डोळ्यांसमोर पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पेन्शन घेऊन परतलेला शेजारचा हवालदार असतो, आणि मुलगा बोलत असतो 14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेविषयी, जी त्याहून फार वेगळी आहे. हा फरक तुम्ही स्वतःहून सांगितला नाहीत, तर दोन दिवसांनी दुसरे कोणी तरी सांगेल, आणि मग मुलाने आपल्यापासून लपवले, अशी भावना घरात राहील.

एका कागदावर पुढील गोष्टी स्वच्छ अक्षरात लिहून काढाव्यात. सेवा चार वर्षांची, प्रशिक्षण त्यातच धरून. मासिक वेतन पहिल्या वर्षी 30,000, दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000 रुपये; त्यांतील 30 टक्के रक्कम सेवा निधीत कापली जाते, म्हणजे हातात पहिल्या वर्षी 21,000 आणि शेवटच्या वर्षी 28,000 रुपये येतात. सरकार तेवढीच रक्कम निधीत घालते. चार वर्षांअखेर दोन्ही मिळून सुमारे 10.04 लाख रुपये आणि त्यावरील व्याज मिळते, आणि त्यावर प्राप्तिकर लागत नाही. वर्षाला 30 दिवस रजा असते.

आता त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला हेही लिहावे : चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांनाच नियमित सेवेत घेतले जाते. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना आणि कँटीनची सवलतही नाही. मन रमले नाही म्हणून मध्येच सोडून येता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळाली, तरी निधीतील फक्त स्वतःचा वाटा व्याजासह परत मिळतो. भरतीच्या वेळी अविवाहित असावे लागते आणि या चार वर्षांत लग्न करता येत नाही.

हा कागद वडिलांच्या हातात द्यावा. स्वतःच्या निर्णयाच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी मुलाने आपण होऊन लिहून आणल्या आहेत, हे पाहिल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. मुलगा कोणाच्या नादाने बोलत नाही, त्याने सगळे तपासले आहे, हे त्यांच्या लक्षात येते. चार वर्षांच्या नोकरीला ‘परमनंट होतेच’ असे रंगवून सांगणारी मुले मला नेहमी काळजीत टाकतात, कारण पुढे तीच फसवणूक स्वतःच्याही वाट्याला येते.

चौथी पायरी : आधी कोणाला सांगायचे

बऱ्याच घरांत आईला आधी विश्वासात घेण्याची पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही; फक्त आईला आपली वकील करून वडिलांकडे पाठवू नये. तिला स्वतःची भीती असते, आणि ती मनात ठेवून दुसऱ्याची बाजू मांडायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे. आदल्या दिवशी आईला थोडक्यात कल्पना द्यावी, तिचे पूर्ण ऐकून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी दोघांसमोर स्वतः बोलावे.

घरात आजोबा-आजी असतील तर त्यांना वगळू नये. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात गेला आहे. अशा पट्ट्यातील आजोबांना सैन्य नवे नसते, आणि त्यांचा शब्द वडिलांवर वजन टाकतो. पण त्यांना जुनी भरती ठाऊक असते, म्हणून चार वर्षांची अट त्यांनाही तितकीच स्पष्ट सांगावी. घरातून कोणीच सैन्यात गेलेले नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे उपयोगाचे ठिकाण आहे. महाराष्ट्रातील सैनिकांच्या कुटुंबांची कामे तेथे चालतात, आणि पालकांना खऱ्या माणसांशी बोलता येते. वडिलांना तेथे स्वतः घेऊन जाण्याची तयारी दाखवावी.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष बोलणे

रात्रीची जेवणे आटोपल्यावर, टीव्ही बंद करून, मोबाइल बाजूला ठेवून बसावे. सुरुवात फिरवून करू नये. ‘बाबा, आई, बारावीनंतर लगेच कॉलेजला न जाता आधी चार वर्षं सैन्यात जावं असं माझ्या मनात आहे. मी अजून फॉर्म भरलेला नाही. तुमच्याशी बोलल्याशिवाय भरणारही नाही. तुम्ही आधी माझं सगळं ऐकून घ्या, मग मी तुमचं ऐकतो,’ इतके पुरे आहे. यातील ‘फॉर्म भरलेला नाही’ हे वाक्य खरे असणे फार आवश्यक आहे.

त्यानंतर कारण सांगावे, आणि ते तुमचे स्वतःचे असावे. एखाद्याला घरावरील कर्जाचा भार हलका करायचा असतो, एखाद्याला वर्गात बसून काय शिकायचे हेच अजून उमगलेले नसते, एखादीला लहानपणापासून वर्दीची ओढ असते. जे असेल ते साध्या शब्दांत सांगावे. देशभक्तीची मोठी वाक्ये आणि महाराजांच्या घोषणा आई-वडिलांवर फेकू नयेत. त्यांच्या भीतीला उत्तर देण्याऐवजी त्यांना गप्प बसवण्याचे काम त्या करतात, आणि ज्याला गप्प बसवले आहे त्याची संमती मिळाली असे कधीच होत नाही.

पहिल्याच बैठकीत निर्णय मागू नये. कागद त्यांच्याकडे ठेवावा, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बसू असे सांगून उठावे, आणि मधल्या काळात अभ्यासात व घरच्या कामात ढिलाई होऊ देऊ नये. वडील काही बोलणार नाहीत, पण पहाटे उठतोस का, पुस्तक उघडतोस का, हे ते पाहत असतात.

सहावी पायरी : त्यांचे प्रश्न, आणि खरी उत्तरे

पहिला प्रश्न जिवाचा असतो, आणि आई तो बहुधा शब्दांत विचारत नाही. ‘काही होत नाही गं’ असे म्हणू नये, कारण होते. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका तरुण अग्निवीराला सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना मरण आले, आणि ही बातमी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली आहे. तुमच्या आईने ती वाचलेली असेल असेच धरून चालावे. धोका आहे हे मान्य करावे, आपण त्याचा विचार केला आहे हे सांगावे, आणि तिला रडू आले तर ते थांबवण्याची घाई करू नये. कुटुंबाला काय मिळते हे वडील पुढे कधी तरी विचारतील. तेव्हा माहिती तयार असावी. अग्निवीराला स्वतः हप्ता न भरता 48 लाख रुपयांचे विमा संरक्षण असते. सेवेमुळे मृत्यू आल्यास 44 लाख रुपये सानुग्रह अनुदान, उरलेल्या सेवाकाळाचे वेतन आणि सेवा निधी मिळतो. कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार 44, 25 किंवा 15 लाख रुपये मिळतात. नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारी पेन्शन मात्र अग्निवीराच्या कुटुंबाला नाही. हेही सांगायचे, आणि हे आकडे आईच्या रडण्याच्या उत्तरात कधीही पुढे करायचे नाहीत.

दुसरा प्रश्न पाचव्या वर्षाचा : ‘चार वर्षांनी घरी आलास, मग काय?’ माझ्या मते साऱ्या चर्चेचा कणा हाच आहे, आणि ज्या मुलाजवळ याचे उत्तर नाही त्याने अजून घरी विषय काढू नये. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या 2022 च्या अखेरीपासून प्रशिक्षणाला गेल्या, त्यामुळे या वाटेने जाऊन दहा-पंधरा वर्षे झालेला माणूस दाखवता येत नाही. 25 टक्क्यांत आपण येऊ, या आशेवर आराखडा आखू नये. बाकीच्या 75 टक्क्यांत असलो तर काय करणार, हे लिहावे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्स यांच्या भरतीत माजी अग्निवीरांसाठी 10 टक्के आरक्षण केंद्र सरकारने जाहीर केले होते, तसेच तटरक्षक दल आणि संरक्षण खात्यातील नागरी पदांतही. पण आरक्षण म्हणजे हाती आलेली नोकरी नव्हे, परीक्षा तेथेही असतेच. त्यापेक्षा ‘22 व्या वर्षी परत येईन, निधीतील इतके पैसे पदवीसाठी आणि इतके घरासाठी ठेवीन, आणि अमुक अभ्यासक्रमाला प्रवेश घेईन’ अशी ठोस मांडणी वडिलांना पटते.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा. एकदा पुस्तक सुटले की सुटलेच, अशी भीती ज्यांचे स्वतःचे शिक्षण मध्येच थांबले त्या पालकांना जास्त असते, आणि ती अनुभवातून आलेली असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी तीन वर्षांचा खास पदवी अभ्यासक्रम आखला आहे, ज्यात निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षण व कौशल्याचे धरले जातात. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावी पूर्ण करता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्गही परतल्यावर खुला असतो. पण येथेही प्रामाणिक राहावे. सीमेवरील पोस्टिंगमध्ये अभ्यासाला वेळ काढणे कठीण असते. इंजिनिअरिंगला जायचे असेल तर यंदाची सीईटी चार वर्षांनी चालत नाही, ती पुन्हा द्यावी लागते, आणि महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी मधल्या वर्षांसाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र मागतात. म्हणून दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवून जाईन, असे सांगावे. लहान गोष्ट आहे, पण शिक्षणाचे दार आपण बंद केलेले नाही, हे तिच्यातून दिसते.

‘सैन्यातच जायचे तर अधिकारी होऊन का जात नाहीस?’ हाही प्रश्न येतो आणि तो अगदी रास्त आहे. पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी बारावीनंतरच प्रवेश देते; परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो, आणि तेथे प्रशिक्षणासोबतच पदवी मिळते, म्हणजे आधी सैन्य की आधी कॉलेज हा पेचच उरत नाही. त्या परीक्षेची तयारी करण्याची कुवत असेल तर ती जरूर द्यावी, आणि दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवता येतात हे घरी सांगावे. मला विचाराल तर गणित आणि इंग्रजी बरे असलेल्या प्रत्येक मुलाने अग्निवीरचा विषय घरी काढण्याआधी ही परीक्षा किमान एकदा दिलेली असावी.

मुलींसाठी थोडे वेगळे

मुलींच्या घरी जिवाच्या भीतीआधी लग्नाचा आणि ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न येतो. लष्करात मुलींची अग्निवीर भरती मिलिटरी पोलिसांत होते, नौदल आणि वायुदलातही त्यांना प्रवेश आहे. खडकवासल्यातून मुलींची पहिली तुकडी 30 मे 2025 रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, आणि मुलींना प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करणारी शासकीय संस्था आता नाशिकलाही आहे. राहण्याची व्यवस्था, सुरक्षितता आणि रजा यांविषयी आईला नेमके प्रश्न असतील. सेवेत असलेल्या एखाद्या ताईशी आईचे स्वतंत्रपणे, तुम्ही समोर नसताना, बोलणे करून देता आले, तर त्याहून चांगले काही नाही. चार वर्षे लग्न करता येत नाही, ही अट काही घरांत अडचण ठरते, तर काही मुलींना तीच हवी असते. दोन्ही प्रकारे ती उघडपणे सांगावी.

सातवी पायरी : नकार आला तर

अठरा वर्षे पूर्ण झाली नसतील तर भरतीच्या अर्जावर पालकांची सही कायद्यानेच लागते, तेव्हा त्यांच्या नकळत काही करण्याचा मार्ग नाही. अठरा पूर्ण झाली असतील तरी अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, सरपंच किंवा पोलीस पाटलांचा चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, या कागदांसाठी सेतू केंद्रात आणि ग्रामपंचायतीत फिरावे लागते, आणि गावात ही बातमी तुमच्याआधी घरी पोहोचते. वडिलांना ती ग्रामसेवकाकडून कळू देऊ नका.

नकाराचे कारण नीट विचारावे. शेती कोण बघणार, हे कारण असेल तर धाकट्या भावाशी आणि काकांशी बोलून व्यवस्था सुचवता येते. एकुलता एक मुलगा असल्याचे कारण असेल तर त्यावर युक्तिवादाने मात करता येत नाही. तेथे वेळच द्यावा लागतो. वयाची मर्यादा पाहता बहुतेकांच्या हाती एकाहून अधिक वर्षे असतात, म्हणून एक तोडगा अनेक घरांत चालतो : यंदा कॉलेजला प्रवेश घ्यायचा, सराव चालू ठेवायचा, आणि पुढच्या जाहिरातीच्या आधी पुन्हा एकदा बसून बोलायचे. अन्न सोडणे, घर सोडून जाण्याची धमकी देणे, अबोला धरणे, यांपैकी काहीही करू नये. ज्याला उद्या हुकूम पाळायचे आहेत आणि कठीण परिस्थितीत डोके शांत ठेवायचे आहे, त्याला ते शोभत नाही.

आठवी पायरी : होकारानंतरची कामे

अर्ज फक्त अधिकृत संकेतस्थळावरून, वडिलांना शेजारी बसवून भरावा. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळते का, हे दोघांनी मिळून तपासावे, कारण आधारवरील लहानशा फरकाने मुले रॅलीतून परत आलेली आहेत. कोणत्या भरती कार्यालयाच्या कक्षेत आपला जिल्हा येतो तेही पाहावे. कोल्हापूरच्या कार्यालयाकडे, उदाहरणार्थ, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवाही आहे. भरती करून देतो म्हणून लाखांत पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याला उभे करू नये. ऑनलाइन लेखी परीक्षा, मैदान आणि मेडिकल यांत कोणाच्याही शब्दाला जागा नाही, आणि हे वडिलांनाही आधीच सांगून ठेवावे, कारण मुलाच्या काळजीपोटी पैसे काढून देणारे तेच असतात. खासगी अकादमीत घालायचे झाल्यास फी, जेवण आणि राहण्याची सोय वडिलांना प्रत्यक्ष दाखवूनच ठरवावे.

निवड झाली की निघण्याआधी घरी एकदा शांतपणे बसावे. बँक खाते कोणते, दर महिन्याला घरी किती पाठवणार, वारस म्हणून कोणाचे नाव लावणार, प्रशिक्षणाच्या सुरुवातीला फोन रोज होणार नाही तेव्हा निरोप कोणामार्फत येईल, हे सारे ठरवून एका वहीत लिहावे आणि ती वही आईजवळ द्यावी.